फेस, मोरचूद आणि राहिलेला हप्ता

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. माझी सातवीतली नात शाळेतून एक प्रयोग घेऊन आली होती. कच्च्या बटाट्याची एक चकती, उकडलेल्या बटाट्याची एक चकती आणि औषधाच्या दुकानातून आणलेली हायड्रोजन पेरॉक्साइडची तपकिरी बाटली. दोन्ही चकत्यांवर चार-चार थेंब टाकायचे आणि काय होते ते वहीत लिहायचे. कच्च्या बटाट्यावर पांढरा फेस फसफसून वर आला. उकडलेला मात्र ढिम्म बसून राहिला.

मुलांचे प्रयोग वहीपुरते थांबत नाहीत. घरात जे जे हाताला लागले त्यावर तिने थेंब टाकून पाहिले. शेवटी डब्यात विसरलेला, हिरवी-काळी बुरशी चढलेला ब्रेडचा तुकडा तिला सापडला. सून "तो आधी बाहेर टाक" म्हणून ओरडेपर्यंत थेंब पडलेसुद्धा. बुरशीवर फेस आला. गुडघा फुटल्यावर आईने हेच औषध लावले होते आणि तेव्हाही असाच फेस आला होता, हे तिला आठवत होते. ती म्हणाली, "आजोबा, बुरशीलापण लागलंय का?"

आम्ही सगळे हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तो प्रश्न मला पंधरा-सोळा वर्षे मागे घेऊन गेला, निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत. त्या बागेचे एक जुने देणे माझ्या नावावर आहे. बँकेच्या कुठल्याही खात्यात ते दिसणार नाही.

मी तेव्हा त्या भागातल्या एका बँकेत शाखाधिकारी होतो. आमचे एक खातेदार होते. सारा गाव त्यांना अण्णा म्हणे, म्हणून मीही अण्णाच म्हणायचो. चार एकर द्राक्षे, घरची माणसे कष्टाळू, कर्जाचा हिशेब चोख. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली, की द्राक्षबागाईतदाराच्या घरात बाळंतिणीच्या घरासारखी जाग सुरू होते. पाऊस आला की डावणी येते. पानावर तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळा डाग दिसतो, पान उलटे केले की खाली पांढरी लव. ती लव घडावर चढली की वर्ष संपले. म्हणून ढग दिसला की पंप सुरू.

२००९ सालच्या नोव्हेंबरात, बागा फुलोऱ्यात असताना, फयान वादळ आले. ११ नोव्हेंबरला ते कोकण किनाऱ्यावर धडकले आणि त्याच्या पावसाने घाटावरच्या बागाही झोडपून काढल्या. त्याच्या आठवडाभर आधी अण्णा माझ्यासमोर बसले होते. पीककर्जाचा दुसरा हप्ता त्यांना हवा होता, औषधासाठी. फाइलमध्ये चालू वर्षाची पीकनोंद असलेला सातबारा नव्हता. तो आल्याशिवाय हप्ता सोडू नये, असा नियम. माझ्या अधिकारात मी तो सोडू शकलो असतो. कागद मागाहून घेता आला असता. मी नियमावर बोट ठेवले. हप्ता दहा दिवसांनी गेला.

नंतर मी पाहणीला गेलो तेव्हा अण्णांनी एक पान उलटे करून माझ्या हातात दिले. म्हणाले, "साहेब, दोन एकरांचं औषध होतं. पाणी वाढवलं आन् चार एकरांवर मारलं. रोग मेला तर नाहीच, उलट पोसल्यागत झाला. हे कसं काय?"

मी मान हलवली. मला ठाऊक नव्हते. औषध कमी पडले तर रोग कमी मरेल, एवढेच गणित मला येत होते. रुपयाचे आठ आणे झाले तर माल निम्मा येतो, तसे. निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली, तेव्हा कळले की जिवंत वस्तूंचे गणित असे सरळ नसते. त्या गणिताच्या मुळाशी नातीने काढलेला तो फेसच आहे.

आधी फेसाचे पाहू. लुई जाक थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१८ साली हायड्रोजन पेरॉक्साइड शोधून काढले. पाण्याच्या रेणूत प्राणवायूचा एक अणू जादा घुसवला की ते तयार होते, आणि तो जादा अणू कुणाच्या ना कुणाच्या अंगावर जाण्यासाठी धडपडत असतो. प्राण्यांच्या ऊतींचा स्पर्श होताच ते फसफसून विघटित होते, हेही थेनारच्या लक्षात आले होते. हे काम करणारे द्रव्य पेशीतच असते. १९०० साली ऑस्कर लोव्ह यांनी त्याला 'कॅटलेज' हे नाव दिले. ते एक विकर, म्हणजे एन्झाइम. त्याचा एकेक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लक्षावधी रेणू मोडून त्यांचे साधे पाणी आणि प्राणवायू करतो. तो प्राणवायू म्हणजेच आपल्या बटाट्यावरचा फेस. उकडल्यावर विकर बिघडते, म्हणून उकडलेला बटाटा गप्प राहिला.

आता कुणी विचारील, बटाट्याला, बुरशीला, आपल्या गुडघ्याला हे विकर हवे कशाला? कारण प्राणवायूवर जगणाऱ्याला त्याचा धूरही सोसावा लागतो. चुलीत लाकूड जळते तेव्हा ऊब मिळते आणि ठिणग्याही उडतात. पेशी अन्न जाळते तेव्हा अशाच ठिणग्या उडतात. त्यांतली एक म्हणजे सुपरऑक्साइड. या ठिणग्या विझवल्या नाहीत, तर पेशीचे पापुद्रे, प्रथिने, जनुके, सगळ्यांना चटके बसतात. १९६९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातल्या जो मॅकॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी या ठिणग्या विझवणारे विकर ओळखले. त्याचे नाव सुपरऑक्साइड डिसम्युटेज. नाव जिभेवर चढत नाही, म्हणून आपण त्याला पहिला पहारेकरी म्हणू. तो सुपरऑक्साइडचे पेरॉक्साइड करतो. मग दुसरा पहारेकरी, आपले कॅटलेज, त्या पेरॉक्साइडचे पाणी करतो. हिरव्या चहाच्या पुड्यावर 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द वाचून आपण तो चहा भक्तिभावाने पितो. तीच विद्या बुरशीलाही अवगत आहे, आणि तिने ती पुड्यावर वाचून शिकलेली नाही.

बुरशीला तर ही विद्या दुप्पट लागते. घरच्या ठिणग्या असतातच, त्यात शत्रूचा मारा. वनस्पती मुकी आणि जागची न हलणारी खरी, पण निःशस्त्र नव्हे. बुरशीचा धागा पानात घुसू लागला, की पान त्या जागी सुपरऑक्साइड आणि पेरॉक्साइडचा भडिमार करते. जपानमधील नोरियुकी डोके यांनी १९८३ साली बटाट्याच्या कंदात हे दाखवून दिले. समोर होता बटाट्यावरचा करपा. आयर्लंडमध्ये १८४५ पासूनच्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसे ज्याच्यामुळे दगावली, तोच हा रोग. मारा एवढ्यावर थांबत नाही. लागण झालेल्या जागेच्या पेशी स्वतः मरून जातात. शत्रूला दाणापाणी मिळू नये म्हणून गावकऱ्यांनी स्वतःच गाव पेटवून द्यावे, तसा हा प्रकार. जिवंत पेशीवरच पोसणारी बुरशी त्या राखेत उपाशी मरते.

पण सगळ्याच बुरशी अशा नसतात. द्राक्षाच्या घडावर, स्ट्रॉबेरीवर राखाडी लव आणणारी एक बुरशी आहे. बोट्रायटिस तिचे नाव. ती मेलेल्या पेशींवरच जेवते. इस्रायलमध्ये गोव्रिन आणि लेव्हिन यांनी २००० साली दाखवले, की झाडाने स्वतःच्या पेशी मारण्याचा हा बचाव बोट्रायटिसच्या पथ्यावरच पडतो. गावकऱ्यांनी लावलेल्या आगीवर चोराने भाकरी भाजून घ्यावी, तसे. पुढे २००४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी या बुरशीचा पहिला पहारेकरी, म्हणजे सुपरऑक्साइड डिसम्युटेजचे एक जनुक, काढून टाकून पाहिले. वालवर्गीय झाडाच्या पानांवर तिचे डाग पसरण्याचा वेग चांगलाच मंदावला. या विकरामुळे ठिणग्या विझतात आणि त्यातून होणारे पेरॉक्साइड झाडाची पेशी मारायलाही उपयोगी पडते. म्हणजे बुरशीची ढाल हीच तिची तलवारही आहे.

एवढे लक्षात आल्यावर शेतकऱ्याच्या औषधांकडे पाहू.

सर्वांत जुने आणि आजही टिकून असलेले औषध म्हणजे बोर्डो मिश्रण. त्याची जन्मकथा मजेदार आहे. फ्रान्समधल्या मेदोक भागात १८८२ साली मियार्दे नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ एका बागेजवळून जात होते. डावणीने वेली ओस पडल्या होत्या, पण रस्त्याकडेच्या ओळी हिरव्यागार. येणारे-जाणारे द्राक्षे तोडतात म्हणून मालकाने त्या ओळींवर मोरचूद आणि चुन्याचे निळसर पाणी शिंपडले होते. फळ विषारी दिसावे, एवढाच त्याचा हेतू. चोर पळालेच, पण डावणीही पळाली. मियार्देंनी प्रयोग करून १८८५ साली हे मिश्रण जगापुढे मांडले. शंभर लिटर पाणी, एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, हे एक टक्क्याचे प्रमाण आपल्याकडे बागाईतदारांच्या पोरांनाही तोंडपाठ असते.

मोरचुदात तांबे असते. गंमत अशी, की पहिल्या पहारेकऱ्याच्या एका जातीच्या पोटातच तांबे आणि जस्त असते. त्यांच्याशिवाय तो काम करू शकत नाही. पण मिठाशिवाय अन्न गोड लागत नाही म्हणून कुणी मूठभर मीठ खात नाही. जादा तांबे पेशीत शिरले, की ते अनेक विकरांच्या नाजूक जागांना चिकटून त्यांना निकामी करते, शिवाय पेरॉक्साइडपासून आणखी जहाल ठिणग्या पाडते. ते एका दाराने येत नाही, दहा दारांनी येते. म्हणून सव्वाशेहून अधिक वर्षे वापरूनही या मिश्रणाला पुरून उरणारी डावणी निपजली नाही. तांबे मातीत साचत राहते, हा त्याचा दोष वेगळा.

नव्या औषधांची कथा याउलट. जर्मनीतले आंके आणि स्टेग्लिश या दोघांनी १९७७ साली पाइनच्या शंकूवर उगवणाऱ्या एका इवल्याशा अळंबीतून एक द्रव्य वेगळे केले. आपल्या जागेवर दुसऱ्या बुरशी येऊ नयेत म्हणून ती अळंबी ते बनवत असे. बुरशीने बुरशीसाठी केलेले विष. त्यावरून स्ट्रोबिल्युरिन गटाची औषधे तयार झाली आणि १९९६ पासून बाजारात आली. हे औषध बुरशीच्या चुलीचे धुराडेच बोळा कोंबून बंद करते. ऊर्जा बनायची थांबते आणि ठिणग्या उलट्या घरात पसरतात. तेव्हा जिचे पहारेकरी दमदार, ती बुरशी काही काळ तग धरते. चुलीला दुसरे बारीक धुराडे काढण्याची युक्तीही काही बुरशींना साधते.

औषध नेमके होते, पण दार एकच होते. उत्तर जर्मनीत गव्हावरच्या भुरीने १९९८ सालीच त्याला दाद देणे सोडले. बुरशीच्या एका प्रथिनात १४३ व्या जागी एक कण बदलला, एवढ्यावर औषध लटके पडले. पुढे द्राक्षाच्या डावणीनेही तीच वाट धरली. ताला-किल्लीतला एक दात झिजवला की किल्ली फिरत नाही, तसे.

इथे दोन गोष्टींची गल्लत करू नये. कुलूपच बदलणे हा पिढीजात बदल. तो पोराबाळांकडे जातो आणि त्या गावात ते औषध कायमचे वाया जाते. ठिणग्या वाढल्या म्हणून पहारेकरी वाढवणे हा तात्पुरता बंदोबस्त. औषधाची मात्रा भरपूर असली, तर पहारेकरी वाढायच्या आत पेशी खलास. मात्रा अर्धवट असली, तर पेशीला चटका बसतो, ती सावध होते, विकरे वाढवते आणि तरून जाते. आणि तरलेल्यांच्या गर्दीतच कुलूप बदललेली एखादी पेशी पुढे वंश वाढवायला मोकळी राहते.

अर्धवट मात्रेचा याहून वाईट परिणाम बेल्जियममधल्या गेंट येथील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केला. गव्हाच्या ओंबीवर फ्युजेरियम नावाची बुरशी येते आणि दाण्यात एक विष सोडते. ते पोटात गेले की माणसाला, डुकराला उलट्या होतात. या बुरशीला तिच्याच एका औषधाची, प्रोथायोकोनाझोलची, मारक नसलेली अपुरी मात्रा दिली. तिच्या भोवती पेरॉक्साइड वाढले आणि पाठोपाठ विषही वाढले. मग त्यांनी त्यात बाहेरून कॅटलेज घातले. नातीच्या बटाट्यातले तेच विकर. पेरॉक्साइड मोडले गेले, आणि विषाची ती वाढ झाली नाही. म्हणजे घाबरवलेल्या बुरशीनेच ते विष ओकले होते. हे वाचले तेव्हा मी चष्मा काढून बराच वेळ बसून राहिलो. डावणी वेगळी, फ्युजेरियम वेगळी. डावणी तर शास्त्राच्या नव्या वर्गवारीत खरी बुरशीही नाही, शेवाळांच्या गोतावळ्यातली. तरी "उलट पोसल्यागत झाला" हे अण्णांचे शब्द कानात वाजले.

यातून मार्ग काय? संशोधक आता ढालीवरच घाव घालून पाहत आहेत. पहिल्या पहारेकऱ्याच्या पोटातले तांबे ओढून घेणारी रसायने प्रयोगशाळेत माहीत आहेत. कॅटलेजला जखडणारेही एक आहे, अमायनोट्रायझोल. एकेकाळी ते तणनाशक म्हणून विकले जाई. पण ही विकरे झाडात आहेत, मधमाशीत आहेत, आपल्या यकृतातही आहेत. बुरशीची ढाल फोडताना आपली फुटता कामा नये. म्हणून कॅलिफोर्नियात, ऑल्बनी येथील अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत, वेगळी वाट धरली गेली. ओव्याच्या उग्र वासामागे थायमॉल नावाचे द्रव्य असते. अशी वनस्पतिजन्य द्रव्ये बुरशीच्या ठिणग्या विझवण्याच्या यंत्रणेला हादरा देतात. त्यांच्या जोडीने नेहमीचे औषध दिले, की कमी औषधात काम भागते, असे त्यांना प्रयोगशाळेत आढळले. मात्र हे दोघांचे मोजूनमापून केलेले काम आहे. घरी ओवा उकळून पंपात घालण्याचा सल्ला म्हणून कृपया कुणी हे वाचू नये.

बागाईतदाराच्या हातात आज जे आहे ते साधेच आहे. लेबलवरची मात्रा पूर्ण, ना कमी ना जास्त. एकाच गटाचे औषध लागोपाठ नाही, मधे दुसऱ्या दाराने जाणारे. काढणीआधी किती दिवस फवारणी बंद ठेवायची तो नियम काटेकोर, कारण घड शेवटी कुणाच्या तरी मुलाच्या ताटात जाणार असतो. आणि यातले पहिले कलम पाळायला खिशात वेळेवर पैसे लागतात. औषधाची मात्रा शेतात ठरते असे आपण समजतो. पुष्कळदा ती बँकेतल्या टेबलावर ठरलेली असते. तीस-पस्तीस वर्षे कर्जे मंजूर करूनही हे मला कुठल्या परिपत्रकात वाचायला मिळाले नव्हते.

गेल्या जानेवारीत अण्णांकडे गेलो होतो. ते आता थकले आहेत. बाग मुलगा पाहतो. अंगणात प्लॅस्टिकच्या पिंपात बोर्डोचे निळे पाणी ढवळणे चालू होते. मी खाटेवर बसून त्यांना सगळे सांगितले. नातीचा ब्रेड, फेस, दोन पहारेकरी, बेल्जियमचा गहू. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मध्येच हसून म्हणाले, "म्हंजे अर्ध्या डोसानं आपण त्याला तालीमच दिली म्हणा की."

मग मी ते बोललो. त्या सालचा हप्ता मला आधी देता आला असता, हे. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

ते म्हणाले, "साहेब, त्या पावसात पुऱ्या डोसाच्या बागाबी गेल्या. शेजारचा तुमच्या बँकेचा नव्हता, त्याचीबी गेली." आणि थोडे थांबून, माझ्याकडे न पाहता, "पण हे आधी ठावं असतं, तर दिला असता का हप्ता?"

मला चटकन हो म्हणता आले नाही. कागद तर तेव्हाही नव्हताच.

अण्णांनी उत्तराची वाट पाहिली नाही. पिंपात बुडवून ठेवलेला विळा त्यांनी बाहेर काढला आणि उन्हात धरला. पात्यावर तांबूस झाक चढली होती.

"चुना कमी पडलाय रे," ते मुलाला म्हणाले. "आजून थोडा घाल."